आंदळकर आबा: पायाला हात न लावता आलेलं सुवर्ण

वारणाकाठ

मंडळी, हा धागा एका वर्गणीच्या पावतीमुळे निघतोय.

परवा गावी गेलो होतो. आमचं गाव शिराळा तालुक्यात, पुनवतच्या अंगालाच. यात्रेचं कुस्ती मैदान दीड महिन्यावर आलंय, म्हणून पोरं वर्गणीला आली. पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यात फेटा बांधलेल्या पैलवानाचा फोटो. मी विचारलं, "हे कोण रं?" एकजण लगेच म्हणाला, "हिंदकेसरी गणपतराव आंदळकर आबा." बरोबर. "आणि काय जिंकलं त्यांनी?" "एशियाडचं गोल्ड." तेही बरोबर. "कशात?" आता पोरं माझ्याकडं अशी बघायला लागली की म्हातारा येडा झाला का काय. "कशात म्हंजे? कुस्तीत की!"

पाचशे एकची पावती फाडली आणि घरी येऊन विचार करत बसलो. कारण नेमकं उत्तर मलाही दोन-तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं.

जन्म १५ एप्रिल १९३५, पुनवत. पंधराव्या वर्षाच्या आसपास कोल्हापूरच्या तालमीत. १९६० ला पंजाबच्या खडकसिंगला हरवून हिंदकेसरी, म्हणजे देशातल्या कुस्तीचा मानाचा किताब. आदल्याच वर्षी, १९५९ ला, श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले होते, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं मान कोल्हापूरच्या तालमींकडं. मग १९६२ चं जकार्ता. भारताला त्या एशियाडमध्ये सगळी मिळून १० सुवर्णपदकं मिळाली. त्यातली ३ कुस्तीची: मालवा, मारुती माने आणि आंदळकर. तिघांतले दोघे सांगली जिल्ह्यातले, एक कवठेपिरानचा, एक पुनवतचा!

पण गंमत पुढं आहे. आंदळकर ९७ किलोच्या वरच्या गटात दोन्ही प्रकारांत उतरले. फ्रीस्टाइलला रौप्य मिळालं आणि सुवर्ण मिळालं ते ग्रीको-रोमनला. म्हणजे ज्या प्रकारात कमरेच्या खाली हात लावायचा नाही, पायाचा वापर करायचा नाही, त्यात. (मारुती मानेंचं बरोबर उलटं. ९७ किलोत फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य.)

आपल्या मातीतल्या कुस्तीत अर्धे डाव पायावरच असतात. पट काढल्याशिवाय, म्हणजे समोरच्याचा पाय धरून खेचल्याशिवाय, कुस्ती केली असं कुणाला वाटतसुद्धा नाही. मग या मातीत घडलेला माणूस पायाला हात न लावता आशियात पहिला कसा आला? जाणकारांनी लिहावं.

दुसरी गोष्ट, त्यापुढचं अर्धं शतक. टोकियो ऑलिंपिक (१९६४) झालं, अर्जुन पुरस्कार झाला, नंतर न्यू मोतीबाग तालमीचे वस्ताद, राज्याच्या कुस्तीगीर परिषदेचं (कुस्तीच्या संघटनेचं) काम, असं करत १६ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात गेले. आपण फोटो छापतो तो १९६० च्या माणसाचा. त्यानंतरच्या माणसाबद्दलही कुणीतरी बोला.

कागल_नाका

चांगला धागा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मी स्वतः लंगोट बांधून फार लांब गेलो नाही, पण घरात तीन पिढ्या तालमीतल्या.

बाहेरच्या माणसाला मातीतली कुस्ती म्हणजे पट, टांग, कलाजंग, कैची, सवारी एवढंच दिसतं. ग्रीको-रोमनला हे सगळं बाद. घिस्सा आणि एकलंगीही बाद, कारण तिथं धरायला लंगोटच नाही. पण तालमीत पोरगं पहिली दोन वर्षं करतं काय? गर्दनखेच. मानेत मान घालून एकमेकाला ओढायचं, ढकलायचं, मनगट सोडवायचं, बगलेत हात घालायचा. खडाखडी जी म्हणतो ती सगळी कमरेच्या वरचीच असते. भारी वजनाच्या पैलवानाचं तर निम्मं आयुष्य त्यात जातं, कारण सव्वाशे किलोचा गडी उठसूट पायात घुसत नाही. घुसला आणि वरच्यानं अंग टाकलं तर तिथंच संपला.

राहिले डाव. बगलडूब चालते. हप्ता चालतो. ढाक चालते, फक्त पाय न लावता. म्हणजे पट्ट्याच्या वरची शिदोरी त्यांच्याकडं भरपूर होती. जे काढून घेतलं ते गेलं, जे उरलं त्यातच त्यांचा हात बसलेला होता.

शेंगाचटणी

ढाक पाय न लावता?? आमच्याकडं ढाकेला पाय आडवा घातला नाही तर वस्ताद पाठीत बुक्की घालायचे.

कागल_नाका

@शेंगाचटणी, म्हणून तर तुमची ढाक आणि आबांची ढाक यात फरक 😄 नुसत्या कमरेवर घेऊन फेकायची. अंगात ताकद असली की जमतं.

अभ्यासू_बोका

थोडं पाणी ओततो, रागावू नका.

१९६२ च्या जकार्ताला इराण नव्हतं. आशियाई कुस्तीत इराण नसणं म्हणजे काय, हे कुस्ती बघणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय सगळ्यात वरच्या वजनगटात तेव्हा आशियातून मोजकेच मल्ल यायचे. ग्रीको-रोमन तर आपल्याकडं आणि शेजारी दोन्हीकडं नवीनच. तेव्हा 'आशियात पहिला' हे खरं आहे, पण त्याचा अर्थ लावताना एवढं ध्यानात असू द्यावं. टोकियोत जगातले सगळे आले आणि कुस्तीत आपल्याला पदक मिळालं नाही.

सुवर्णाची किंमत कमी करायची नाहीये. पण आपण मराठी लोक एखाद्याचा फोटो लावला की त्याच्याबद्दल प्रश्न विचारणं बंद करतो.

वारणाकाठ

@अभ्यासू_बोका, इराणचं माहीत नव्हतं, आभार. मुद्दा मान्य. पण त्याच तराजूत हेही टाका. त्या जकार्तात भारतीय खेळाडूंना काय वातावरण होतं? इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना यजमानांनी येऊ दिलं नाही, त्यावर आपल्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतला आणि तिथली जनता भारतावर खवळली. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात आपल्या संघाची स्टेडियमभर हुर्यो उडवली. तरी ते सुवर्ण आपण आणलंच. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात तीस हजार माणूस 'आबा, आबा' ओरडत असताना लढणं वेगळं आणि तिथं लढणं वेगळं.

अभ्यासू_बोका

हे मान्य. अर्धं पाणी परत घेतो.

कट्ट्यावरचा

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो, या धाग्यासाठी.

मी नव्वदच्या दशकात कोल्हापुरात दोन वर्षं तालमीत होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढं थोडी तक्रार आहे. वडिलांनी ट्रंक, तांदळाचं पोतं आणि तुपाचा डबा देऊन सोडलं आणि एसटी धरून गेले. मी चौदाचा.

पहाटे चारला वस्ताद काठी आपटायचे. आधी हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणायचा. ज्यानं लाल माती खणली नाही त्याला तिचा वास कळणार नाही. आमच्या हौद्यात ताक, लिंबाचा रस, हळद, तेल आणि काव घातलेली असायची. आठवड्याची माती घट्ट झाली की कुदळ ठणकन वाजायची. उकरून, फोडून, पायानं सारखी करून मग जोर. थंडीत ती माती पाठीला अशी गार लागायची की पहिल्या पकडीत अंग आखडायचं. दहा मिनिटांत त्याच मातीतून वाफ निघायची.

नंतर थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटायची पाळी धाकट्यांची. मला वाटायचं मी पैलवान व्हायला आलोय, आणि सहा महिने मी दुसऱ्यांचे बदामच घोटले. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, म्हैस समोर, धार समोर, फेसाचा ग्लास उभ्या उभ्या. तो मात्र स्वतःच्या पैशानं.

आता मॅटची गोष्ट, जी या धाग्याला लागू आहे. पहिल्यांदा जिल्ह्याच्या स्पर्धेत मॅटवर उतरलो. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. समोरचा पोरगा माझ्याहून बारीक. त्यानं दोनदा मागं जाऊन मला धरलं, गुडघ्यावर टेकवलं, एकदा कडेच्या बाहेर ढकललं. मी आपला जोर राखून ठेवलेला, दमवू आणि मग घेऊ. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि पंचांनी त्याचा हात वर केला. मला कळेचना. माझी पाठ लागलीच नव्हती! मी पंचांना विचारलं, "आमची कुस्ती कधी सुरू होणार?" सगळे हसले. तालमीत गुण म्हणजे काय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या वस्तादांना ते माहीत होतं की नाही, देव जाणे. पुढं गुडघा गेला, हाड बसवणाऱ्याकडं नेलं, त्यानं तो आणखी घालवला, आणि मी घरी.

हे अशासाठी सांगितलं की १९६२ ला, माझ्याआधी तीस वर्षं, आंदळकर-माने दोन दोन परक्या नियमांत उतरले आणि चार पदकं घेऊन आले. ते नियम त्यांनी कुठं आणि किती दिवसांत अंगवळणी पाडले असतील? मला या गोष्टीचं सुवर्णापेक्षा जास्त वाटतं.

शेंगाचटणी

"आमची कुस्ती कधी सुरू होणार" 😂😂 पण वाईटही वाटलं राव.

नाना_पुणेकर

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळतच नाहीये, म्हणून मी.

मोठा पैलवान मोठा वस्ताद होतोच असं नाही. उलट बऱ्याचदा होत नाही, कारण त्याला जे सहज जमलं ते दुसऱ्याला का जमत नाही हे त्याला कळत नाही. आंदळकर अपवाद. भवानी मंडपाजवळच्या मोतीबागेत त्यांनी जी पिढी घडवली त्यात पहिलं नाव दादू चौगुलेंचं. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचा पोरगा. १९७० आणि ७१, लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी, १९७३ ला हिंदकेसरी, आणि १९७४ ला न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सर्वांत वरच्या वजनगटात रौप्य. त्याआधी १९६७-६८ चे महाराष्ट्र केसरी चंबा मुत्नाळ, तेही आबांच्याच हाताखालचे.

पण खरी गोष्ट त्यापुढची आहे. दादूमामा स्वतः वस्ताद झाले. त्यांचा मुलगा विनोद चौगुले २००० चा महाराष्ट्र केसरी, पुढं हिंदकेसरी. २०१८ ला दादूमामांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. त्याच महिन्यात आबा गेले. वर्षभरानं, ऑक्टोबर २०१९ मध्ये, दादूमामाही गेले.

म्हणजे एका तालमीत हिंदकेसरी वस्ताद, त्याचा शिष्य हिंदकेसरी, आणि शिष्याचा मुलगा हिंदकेसरी. गाण्यातल्या घराण्याबद्दल आपण पुस्तकं लिहितो. इथं पावतीपुस्तकावर एक फोटो.

दिल्लीकर_देशपांडे

नाना, अपवाद आंदळकर एकटेच नाहीत. आमच्या दिल्लीत सतपाल बघा. गुरू हनुमानांचे शिष्य, १९८२ च्या दिल्ली एशियाडचं सुवर्ण, आणि नंतर छत्रसाल स्टेडियमवर आखाडा. सुशीलकुमारची दोन ऑलिंपिक पदकं, योगेश्वर दत्त, रवी दहिया, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावत. हे सगळे छत्रसालचे. एका पत्त्यावर किती पदकं!

आता कोल्हापूरकरांनी दगड मारू नयेत, पण दोघांमधला फरक स्वच्छ दिसतो. छत्रसालला पोरगं पहिल्या दिवसापासून मॅटवर. लक्ष्य एकच, भारताचा संघ. कोल्हापुरात लक्ष्य काय, तर महाराष्ट्र केसरीची गदा आणि जत्रांमधली इनामं. मग ऑलिंपिक कुठून येणार?

कागल_नाका

@दिल्लीकर_देशपांडे, दगड नाही, पण एक आठवण देतो. १९७७ ला बेळगावात याच सतपालना हरिश्चंद्र बिराजदार मामांनी मातीत अस्मान दाखवलं होतं. रामलिंग मुदगडचा गडी, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झालेला. आणि त्याच मामांनी नंतर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. राहुल आवारे त्यांचाच, पुढं काका पवारांकडं गेला. २०१८ च्या राष्ट्रकुलचं सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेचं कांस्य. ऑलिंपिकचं पदक हुकलं, पण मातीवाला वस्ताद जागतिक पदकाचा पाया घालू शकतो, हे तर सिद्ध झालं ना?

पोटापाण्याचं बोलायचं तर जत्रेतलं इनाम नाकारून पोरानं मॅटच धरावी हे पुण्या-दिल्लीत बसून बोलायला सोपं आहे. दिवसाला दोन-तीन लिटर दूध, बदाम, मटण, अंडी, हा खुराक कोण देणार? सरकारी नोकरी लागेपर्यंत पैलवानाला जत्राच पोसते. यात्रेचा हंगाम मोडला तर निम्म्या तालमी ओस पडतील.

दिल्लीकर_देशपांडे

ही अडचण मान्यच आहे. पण गदासुद्धा कोल्हापुरात राहिली नाही ना? विनोद चौगुलेनंतर थेट २०२२ ला पृथ्वीराज पाटील. मधली २१ वर्षं रिकामी!

कागल_नाका

... हे मात्र लागलं.

मेघना_आयोवा

मी इथली नेहमीची वाचक, कुस्तीतलं फार कळत नाही. पण आमच्या गावात कुस्तीचा एक देवच आहे, म्हणून लिहिते.

आम्ही आयोवा सिटीत राहतो. इथल्या विद्यापीठाच्या बंदिस्त क्रीडागाराबाहेर डॅन गेबल या माणसाचा पुतळा आहे. पहिल्यांदा वाटलं कुणी गव्हर्नर असेल. निघाला पैलवान. शाळेत ६४ कुस्त्या, एकही हरला नाही. महाविद्यालयात ११७ जिंकल्या आणि एकच हरला, तीही १९७० ची शेवटची, लॅरी ओविंग्जकडून १३-११. दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकला सुवर्ण, तेही प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता. मग इथं प्रशिक्षक झाला आणि २१ वर्षांत विद्यापीठाला १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. १९८४ च्या ऑलिंपिकला अमेरिकेच्या फ्रीस्टाइल संघाचाही तोच प्रशिक्षक होता. २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीनं कुस्ती २०२० पासून वगळायचा घाट घातला, तेव्हा ती वाचवायला धावलेल्यांतही हा होता.

माझा मुलगा इथं आठवड्यातून दोनदा कुस्तीला जातो. त्याचे प्रशिक्षक मुलांना गेबलच्या जिंकलेल्या कुस्त्या सांगत नाहीत, ती हरलेली एक सांगतात. मला हे फार वेगळं वाटलं. आपल्याकडे आंदळकर आबा कुणाकडून हरले हे कुणी कौतुकानं सांगेल का?

शेंगाचटणी

मेघनाताई, आयोवात दूध कट्टा आहे का?

मेघना_आयोवा

दूध आहे, कट्टा नाही. कट्ट्याच्या जागी मक्याची शेतं आहेत. लांबच्या लांब 😊

नाना_पुणेकर

मेघना, प्रश्न चांगला आहे. जुने लोक सांगायचे, फक्त घरात, मैदानावर नाही. त्या काळी पाकिस्तानातले मल्ल इथं येऊन महिनोन्‌महिने राहायचे. सादिक पंजाबीचं नाव आमच्या वडिलांच्या तोंडी आंदळकरांच्या इतकंच आदरानं यायचं. दुसऱ्या देशाचा गडी, पण खासबागेत त्याच्यासाठीही टाळ्या. हरणं-जिंकणं त्यात होतंच. आता हरलेली कुस्ती मोबाइलवर फिरते आणि पोरगं तोंड लपवतं.

खासबागेवरून आठवलं. शाहू महाराजांनी रोममधलं मोकळं रंगस्थळ बघून ते मैदान बांधलं, १९१२ चं काम. मधे एकही खांब नाही. सगळ्यात मागच्या माणसालाही हौदा तितकाच स्वच्छ दिसतो. हे ज्यानं बघितलं नाही त्यानं कुस्ती नसली तरी एकदा जाऊन वरच्या पायरीवर बसून यावं.

सांगलीकरीण

सगळं वाचलं. घराणं, वस्ताद, शिष्य, शिष्याचा मुलगा. छान. मुलगी कुठाय?

मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती आमच्या सांगलीतच, आणि जिंकली प्रतीक्षा बागडी. तुंगची. आंदळकर, माने आणि प्रतीक्षा हे तिघं एकाच जिल्ह्यातले हे कुणाच्या लक्षात आलं का? पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली. मुलींना ६२ वर्षं थांबावं लागलं.

माझी भाची कुस्ती करते. एका तालमीत तिला "पोरींसाठी वेगळी वेळ नाही, हौद्यात उतरता येणार नाही" असं तोंडावर सांगितलं. आता ती मॅटच्या केंद्रात जाते. माती-मॅटच्या वादात एक गोष्ट कुणी बोलत नाही. मुलींना आधी मॅटनंच घेतलं, माती अजूनही विचारच करतेय.

कट्ट्यावरचा

👏 आमच्या तालमीत तर बायकांना उंबरठ्याच्या आत यायची बंदी होती. आई भेटायला आली तरी बाहेर रस्त्यावर उभी. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आता लिहितानाच लक्षात आलं.

अभ्यासू_बोका

संघटनेबद्दल एक. धागाकर्त्यानं परिषदेचा उल्लेख केला आणि पुढं गेला. पण आंदळकरांसारखी माणसं परिषदेत होती म्हणजे नेमकं काय होतं?

मैदानावर पाठ टेकली की नाही यावर दोन गावं भिडतात, तेव्हा नियमाचं पुस्तक कुणी उघडत नाही. ज्याचे कान मोडलेत अशा एखाद्या जुन्या हिंदकेसरीकडं सगळे बघतात. तो म्हणाला 'लागली', की लागली. संघटनेला ही पत पैशानं आणता येत नाही. १९५३ ला मामासाहेब मोहोळांनी परिषद उभी केली ती अशाच माणसांच्या जोरावर.

आणि आता बघा. २०२२ नंतर परिषदेत दोन गट. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी, पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही तगडे मल्ल, त्यांचा काय दोष? पण उद्या कुणी विचारलं की २०२३ चा महाराष्ट्र केसरी कोण, तर पोरानं काय सांगायचं? दिल्लीतलं तर बोलूच नये. पदक जिंकलेल्या मुली रस्त्यावर बसल्या, जागतिक संघटनेनं भारतीय महासंघाला निलंबित केलं, आणि डिसेंबर २०२३ च्या निवडणुकीनंतर साक्षी मलिकनं बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली.

दिल्लीकर_देशपांडे

म्हणजे पैलवानांच्याच हातात संघटना दिली की सगळं सुटेल? तसंही नसतं. इराणमध्ये रसूल खादेम ऑलिंपिक विजेता, प्रशिक्षक आणि महासंघाचा अध्यक्षही झाला. तरी भांडणं होतीच, शेवटी पद सोडून गेला.

अभ्यासू_बोका

सगळं सुटेल असं मी म्हटलंच नाही. पण निदान 'आमची कुस्ती कधी सुरू होणार' हे विचारणाऱ्या पोरावर हसायच्या आधी तो माणूस थांबेल.

कट्ट्यावरचा

🙏

शेंगाचटणी

एक अवांतर. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते २०२४ ला, स्वप्नील कुसाळेला. नेमबाजीत. कांबळवाडी, तालुका राधानगरी! दादूमामांचाच तालुका. काय पाणी आहे तिथलं, कुणी तपासा.

कागल_नाका

पाणी नाही, दूध 😄

वारणाकाठ

मंडळी, धागा वर काढतोय. यात्रा झाली, वृत्तांत द्यायचा राहिला होता.

तुमचं सगळं वाचून मी त्या पोरांना गाठलं. म्हटलं, पत्रिकेवर आबांच्या फोटोखाली नीट लिहा, 'सुवर्णपदक, ग्रीको-रोमन, जकार्ता १९६२'. लिहिलं. छापखान्यानं 'ग्रीको-रोमण' छापलं, असू दे. मग त्यातला एक, जो मला म्हातारा येडा समजत होता, तोच म्हणाला, "काका, एक जोड तसली लावूया का? पायाला हात नाही." दोन पोरं तयार झाली, एक आमच्या गावातला आणि एक बांबवड्याकडचा. दोघंही अठराच्या आतले. इनाम ठरलं अडीच हजार. ते माझ्या अंगावर आलं.

माइकवरून तीनदा नियम सांगितला. हलगी वाजली, सलामी झाली, दोघं मानेत मान घालून भिडले. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग आमच्या गावच्या पोराचा डावा हात आपोआप खाली गेला, गुडघ्यापर्यंत पोचला, आणि पंच ओरडले तसा चटका बसल्यागत वर आला. पुन्हा भिडले, पुन्हा गेला. समोरच्याचंही तेच. दोघांचे हात असे खाली-वर, खाली-वर. आणि कडेनं बसलेलं अख्खं मैदान, ज्यांना तीनदा नियम सांगितला होता ते सगळे, एका सुरात ओरडत होते, "पट काढ! आरं पट काढ की!"

अकरा मिनिटं चालली, शेवटी बरोबरीत सोडवली. इनाम निम्मं निम्मं. आमचं पोरगं बाहेर आलं, मान लालबुंद, दम लागलेला. मी पाण्याचा तांब्या दिला तर घटाघटा पिऊन म्हणालं, "काका, त्या माणसानं हे कसं केलं असंल हो?"